उजवीकडच्या पट्ट्या

आत्या आली तेव्हा सूप वाफाळत होतं. तिचं बोलून झालं तेव्हा त्यावर साय धरली होती, आणि तरीही कोणी चमचा उचलला नव्हता. या घरात ही साधी गोष्ट नव्हे. धाकटा काका कायमचा निघून गेला त्या दुपारीसुद्धा सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं. त्याच्या वाटणीचं उरलं म्हणून तिसऱ्यांदाही.

“म्हणजे बंदच?” अण्णांनी विचारलं.

“बंदच. पुढच्या वर्षापासून शाळेत संगीतच नाही. नववीसाठी कोणी घेतलंच नाही, अण्णा.”

“एकानेही?”

“एकाने घेतलं होतं. चुकून. त्याचे वडील येऊन माफी मागून गेले.”

जेवणाचं टेबल म्हणजे एका मोठ्या पियानोचं झाकण होतं. पियानो आगीत गेला, झाकण वाचलं, आणि आजी म्हणाली होती की एवढं चांगलं लाकूड नुसतं हळहळायला ठेवायचं का. तेव्हापासून घर त्यावर जेवत होतं. आकार पियानोचाच: एक बाजू सरळ, दुसरी वळण घेत घेत निमुळती. रुंद बाजूला अण्णा. निमुळत्या टोकाला एकच ताटली मावायची, आणि त्या दिवशी ज्याचं चुकलं असेल तो तिथे बसायचा. असा नियम कोणी केला नव्हता. धाकटा काका तिथे वर्षानुवर्षं बसला होता.

आज आत्या आपण होऊन टोकाला जाऊन बसली. त्यामुळे पिपाणीची पंचाईत झाली, कारण ती जागा तिने सकाळपासून मनाने धरून ठेवली होती.

पिपाणी आठवीत होती; तिथपर्यंत संगीत सगळ्यांनाच असे, नववीपासून विषय निवडायचा. जन्मल्यावर ती इतक्या वरच्या सुरात रडली की अण्णांनी नादकाटा काढून तपासलं आणि “अचूक” म्हणाले. नाव तेव्हाचं. घरातलं सगळ्यात चांगला कान असलेलं माणूस ती होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला स्वतःला ते नको तेवढं माहीत होतं.

“एकानेही नाही कसं?” अण्णा म्हणाले. “आपली पिपाणी आहे ना.”

आत्याने सुपात बघितलं. आईने मिठाची बाटली उगाच सरळ केली.

“मी नाही घेतलं, अण्णा,” पिपाणी म्हणाली.

“मग काय घेतलंस?”

“संगणक.”

“त्यात काय करतात?”

“बसतात.”

“बसायला घरात खुर्च्या नव्हत्या?”

“अण्णा, त्यात गुण मिळतात हो,” आई मध्ये पडली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि कुठलीही गोष्ट स्पष्ट दिसावी असा तिचा आग्रह असायचा. “आजकाल पोरं हिशोब करून विषय घेतात. तिचं काही चुकलं नाही.”

“तिचं चुकलं असं कोण म्हणतंय?” आत्या म्हणाली. “चुकलं माझं. घरची मुलगी माझ्या वर्गात बसत नाही, तर बाहेरच्यांना काय तोंडाने सांगू? शिक्षकांच्या खोलीत त्या गणिताच्या बाई मला म्हणाल्या, ‘तुमच्या भाचीनेसुद्धा नाही घेतलं का हो?’ इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मला त्यांना फळ्यावरून पुसून टाकावंसं वाटलं.”

“आत्या, मी तुला आधी सांगितलं होतं.”

“मला सांगितलंस. कारण नाही सांगितलंस.”

पिपाणीने तोंड उघडलं. बाबांनी टेबलाखालून पाय पुढे केला आणि चुकून आईचा दाबला.

“आई गं! अहो, काय?”

“काही नाही. पाय होता.”

 अण्णांच्या हाताखाली बाबा पियानो जुळवायला शिकले होते, अजूनही हाताखालीच होते, आणि गेली काही वर्षं त्यांच्या पोटात एक गोष्ट होती: अण्णांना वरचे सूर नीट ऐकू येत नव्हते. बोलणं यायचं. समोर बसून बोललं तर सगळं यायचं. पियानोची डावी, खर्जाची बाजू तर अशी जुळवायचे की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. पण मधल्या पट्टीच्या उजवीकडे गेलं की अण्णांचे कान वाट चुकत. पाय मात्र अडखळत नसत, ते खात्रीने चालत राहत. अण्णा शेवटची खुंटी पिळून म्हणत, “वा!” आणि पियानोची अख्खी उजवी बाजू रडत असे.

यावर बाबांनी एक उपाय काढला होता. ते गिऱ्हाइकाकडे टोपी विसरत. अण्णांना घरी सोडत, “अरेच्चा, टोपी राहिली” म्हणत, परत जात आणि उजव्या बाजूच्या तारा मुकाट्याने ठीक करत. शहरभर बाबांची ख्याती झाली होती. गिऱ्हाइकं अण्णांना बाजूला घेऊन हळूच म्हणत, “तुमच्या मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवा. अजून वय तरी काय आहे त्याचं.” अण्णा घरी येऊन बाबांच्या खिशात बदाम टाकत.

आत्याच्या शाळेत मात्र हा उपाय चालला नाही. तिथे विसरलेली टोपी शिपाई फाटकावरच आणून द्यायचा. आत जायची सोयच नव्हती.

“मी सांगतो काय करायचं,” अण्णा म्हणाले. त्यांनी चमचा उचलला, पण भाला उचलावा तसा. “उद्या मी शाळेत येतो. पियानो पुन्हा पहिल्यापासून जुळवतो. मुख्याध्यापिका बाईंना म्हणतो, सगळ्या पोरांना सभागृहात बसवा. माझी लेक वाजवेल. ऐका, आणि मग सांगा विषय नको म्हणून.”

“नको, अण्णा,” आत्या आणि बाबा एकदम म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. लहानपणापासून त्यांचं कशावरच एकमत झालं नव्हतं.

“का नको?”

“पोरं ऐकत नाहीत हो सभागृहात,” आत्या घाईने म्हणाली. “तिथे कबड्डी, सॉरी, कवायत असते. उद्या कवायत आहे.”

“मग परवा.”

“परवाही कवायत आहे.”

“शाळा आहे का पलटण?”

 आत्या बाबांपेक्षाही जास्त काळ हे ओझं वाहत होती, आणि बाबांना ते माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. वडिलांनी जुळवलेला पियानो वर्गात वाजवायला बसली त्या पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. दुसरा जुळवणारा बोलावणं म्हणजे अण्णांना बातमी पोचणं. स्वतः खुंट्यांना हात लावावा, तर तिच्या मनगटात तो जोर नाही. मग तिने जे सुचलं ते केलं: पियानोची उजवी बाजू वापरायचीच नाही. सगळी गाणी तिने खाली उतरवली. पाखरांची, पहाटेची, आनंदाची, सगळी. चौदा वर्षांच्या मुली हनुवटी गळ्यात खुपसून घुमायच्या. मुलांचे आवाज नुकतेच फुटत होते, त्यांना आधी मजा वाटली, मग त्यांनीच वर्गाला ‘बेडकांची सभा’ नाव ठेवलं. आत्या हसत हसत ताल द्यायची. आणि शेवटच्या बाकावरून एक मुलगी, जिला प्रत्येक सूर कुठून कुठे आणून पुरला आहे हे कळत होतं, तिच्याकडे बघत बसायची.

“पिपाणी,” अण्णा म्हणाले, “तू तरी सांग. का सोडलंस?”

“तिला जेवू द्या आधी,” आई म्हणाली.

“ती जेवतच नाहीये.”

“अण्णा, डोळ्यांचं कसं असतं,” आईने एकदम दुसरीकडून सुरुवात केली, “कमी दिसायला लागलं की माणूस येतो आमच्या दुकानात, चष्मा घेतो, मोकळा होतो. त्यात लाज कसली? तसंच–”

“अगं, बास,” बाबा म्हणाले.

“का बास? तुम्हा बहीणभावांना काय वाटतं, असंच चालवणार आहात? आणि त्या पोरीवर का खापर फोडताय?”

“मी फोडतेय?” आत्या उसळली. “मी टोकाला बसलेय!”

“टोकाला बसून फोडतेयस, ताई. ‘घरची मुलगी, घरची मुलगी.’ तिला विचार ना, तुझ्या वर्गात बसून तिला काय होतं ते.”

“काय होतं?”

“मला रडू येतं!” पिपाणी म्हणाली.

 अण्णांनी चमचा खाली ठेवला.

“गाण्याने?” त्यांनी जरा आशेने विचारलं.

पिपाणीला उत्तर येत होतं, पण त्या उत्तराला शब्द लागणार होते, आणि प्रत्येक शब्द अण्णांना लागणार होता. ती उठली. स्वयंपाकघराला लागूनच काम करायची खोली होती. तिथे एक उभा पियानो होता, अण्णांनी कालच जुळवून ठेवलेला. बाबांचा हात त्याच्यावरून अजून फिरायचा होता. पिपाणी बसली आणि आत्याच्या वर्गातलं पाखरांचं गाणं वाजवायला लागली. खाली उतरवलेलं नाही. जिथे ते असायला हवं तिथे. उजवीकडे.

तिने विचार केला नव्हता. तिला फक्त एकदा ते गाणं त्याच्या जागेवर ऐकायचं होतं.

पहिल्या ओळीला बाबांचे खांदे कानांपर्यंत गेले. दुसरीला आत्याने डोळे मिटले. आईला संगीतातलं काही कळत नसे, पण तिनेही दातांवर थंड लागल्यासारखं तोंड केलं.

अण्णा मान डोलावत होते.

मग त्यांची मान थांबली. ऐकून नव्हे. समोर बसलेल्यांचे चेहरे बघून. पियानो जुळवून झाला की वाजवून दाखवताना ते कधी पट्ट्यांकडे बघत नसत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. तोंडं त्यांना वाचता येत होती.

“थांब, पोरी,” ते म्हणाले.

पिपाणी थांबली. तिचे हात पट्ट्यांवरच राहिले.

“खूप वाईट आहे?”

बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, ते लागत नव्हतं.

“मला वाटायचं,” अण्णा सावकाश म्हणाले, “हल्ली तारा चांगल्या येत नाहीत. वरच्या सुरात नुसती लाकडाची टकटक होते. म्हटलं, जमाना. मी तारावाल्याशी भांडून आलो.” त्यांनी बाबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “आणि तुझी टोपी?”

“अण्णा, ते…”

“तू विसरत नव्हतास.”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदा खरंच विसरलो होतो. परत गेलो तर त्यांना वाटलं, पियानो बघायलाच आलोय.”

“म्हणजे तुझं डोकं ठीक आहे?”

“ठीक आहे, अण्णा.”

“बरं झालं,” अण्णा म्हणाले. “मला फार काळजी लागून राहिली होती.” आणि त्यांचा चेहरा एखादं सामान खाली ठेवावं तसा खाली आला. बाबा उठून त्यांच्याजवळ गेले, पण काय करायचं ते न सुचल्यामुळे त्यांनी अण्णांच्या सुपाची वाटी उचलून गरम करायला नेली.

अण्णांनी आत्याला विचारलं, “आणि तू? वर्गात कसं वाजवत होतीस?”

“डावीकडे,” आत्या म्हणाली. मग तिला रडू आवरेना. “सगळं डावीकडे, अण्णा.”

अण्णांना पुढचं सांगावं लागलं नाही. सूर कुठून कुठे गेले की कोवळ्या गळ्यांचं काय होतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“म्हणजे पोरं माझ्यामुळे गेली,” ते म्हणाले.

“नाही, अण्णा.”

पण तिने ते अशा आवाजात म्हटलं की ते ‘हो’सारखंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेले. आत्याने अडवलं, बाबांनी अडवलं. आई म्हणाली, “जाऊ द्या, त्यांना बोलायचंय.” बरोबर पिपाणी गेली, कारण ती तशीही शाळेतच जात होती.

मुख्याध्यापिका बाई त्यांना बघून उभ्या राहिल्या. पूर्वी त्यांच्या आईचा पियानो अण्णांनीच जुळवला होता.

“बसा, बसा! काय आणू?”

“बाई, मी एक सांगायला आलोय.” अण्णा बसले नाहीत. “तुमच्या शाळेचा पियानो बेसूर आहे. गेली काही वर्षं. तो मी तसा केला. मला वरचं ऐकू येत नाही.”

हे वाक्य त्यांनी वाटेत दोनतीनदा पुटपुटून बघितलं होतं. पिपाणीने खिडकीबाहेर बघितलं.

“अहो, काहीतरीच!” बाई म्हणाल्या. “सुरेख लागलेला असतो. मी तर नेहमी म्हणते, आपल्या पियानोसारखा पियानो नाही.”

“तो बेसूर आहे, बाई.”

“असेल. पण गोड आहे.”

अण्णांनी एकदा पिपाणीकडे बघितलं, जणू हा सूर कुठला ते तिने सांगावं. मग पुन्हा नेटाने म्हणाले, “त्यामुळे माझ्या मुलीला गाणी खाली घ्यावी लागली. मुलांना ते जमेना. म्हणून त्यांनी विषय सोडला. यात तिचा दोष नाही, मुलांचाही नाही. माझा मुलगा पियानो ठीक करेल. चांगला करतो. एक वर्ष द्या.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या, हीच अडचण होती.

“तुम्ही म्हणता तसं असतं तर मी लगेच दिलं असतं हो. पण आम्ही मुलांशी बोललो. एकेकाला बोलावून. पियानोबद्दल कोणी काही बोललंच नाही. त्यांना नकोच आहे. एक जण मला म्हणाला, ‘गाणं फोनमध्ये असतं ना, बाई. आपण म्हटलं की ते बिघडतं.’ काय बोलणार यावर? त्या खोलीत आता टेबल टेनिस येतंय. तुमच्या लेकीला आम्ही ग्रंथालय देतोय. शांत काम आहे.”

“शांत,” अण्णा म्हणाले.

मधली सुट्टी झाली होती. बाहेरचा व्हरांडा पोरांनी भरून वाहत होता. जिन्याशी येऊन अण्णा थांबले, कठड्याला हात धरून. पोरं दोन्ही बाजूंनी जात होती. कोणाच्या तोंडात घास होता, कोणाच्या तोंडात शिवी. कोणीतरी शिट्टीवर एक धून वाजवत गेला. चांगली वाजवत होता.

“पिपाणी,” अण्णा म्हणाले, “बाई म्हणतात, पोरांना नकोच आहे. तू त्यांच्यात बसतेस. खरं काय ते मला सांग. पियानो नीट असता, गाणी वर असती, तर बसली असती का पोरं?”

पिपाणीला खरं माहीत होतं. तिच्या शेजारची म्हणाली होती, गाताना तोंड उघडलं की दातांच्या तारा दिसतात. पुढच्या बाकावरच्याचा आवाज ओळीच्या मध्येच घसरायचा आणि सगळा वर्ग त्या घसरण्याची वाट बघत बसायचा, तो सरळ म्हणाला होता की यापेक्षा मार परवडला. कोणी म्हणालं होतं, गाता येत असेल तर वर्ग कशाला, आणि येत नसेल तर तमाशा कशाला. एकदा तिने न राहवून विचारलं होतं, “तुम्हाला ऐकू येत नाही का?” सगळे म्हणाले होते, “काय?” अख्ख्या वर्गात तो पियानो तिच्या एकटीपुरता बेसूर होता. सोनेरी तारांचा, देवाच्या हातचा पियानो आणून ठेवला असता, तरी ते सगळे उठून संगणकाच्या खोलीत जाऊन बसले असते. तिथे पंखा होता.

तिने अण्णांकडे बघितलं. काल त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आज नव्हतं. आज ते तिच्याकडे एखादी गोष्ट मागितल्यासारखे बघत होते. तिला वाटलं होतं, त्यांना ‘नाही’ हवं असेल. ‘नाही अण्णा, तुमचा काही दोष नाही.’ ते तिच्या ओठांवर तयारच होतं, शिवाय खरं होतं. पण जितका वेळ ती गप्प राहिली तितका तो म्हातारा चेहरा घाबरत गेला, आणि मग तिला कळलं की ते कशाला घाबरतायत. त्यांच्यामुळे संगीत गेलं असेल, तर ते गेलं तरी मुळात चांगलं होतं. हवंसं होतं. सुरात असतं तर पोरं आली असती, बसली असती, गायली असती. आणि त्यांच्यामुळे गेलं नसेल, तर आयुष्यभर ते कोणालाच नको असलेल्या तारा पिळत होते.

शिट्टीवाला लांब गेला होता.

“हो, अण्णा,” पिपाणी म्हणाली. व्हरांड्यात गोंगाट होता म्हणून तिने ते पुन्हा, मोठ्याने, शब्द सुटे करून म्हटलं. “पियानोमुळेच. सगळी तुमच्यामुळेच गेली.”

अण्णांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. त्यांची पाठ जरा सरळ झाली. कठड्यावरचा हात काढून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात बराच हलका झाला होता.

“बघ,” ते म्हणाले. “मी सांगत होतो त्या बाईंना.”